एक नाव, अनेक माणसं: जुन्या मराठी नियतकालिकांच्या अंकांची सूची वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच नावापुढे दोन-तीन वेगळ्या नोंदी का दिसतात? एकच का केली नाही?

कारण ती माणसं वेगळी आहेत, किंवा एकच आहेत असं म्हणायला पुरेसा पुरावा हाती नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरात येतो: "शोधलं की पाच रमाबाई येतात, जरा नीट लावा की!" पण नीट लावल्यामुळेच त्या पाच येतात. न लावलेल्या सूचीत एकच रमाबाई असते. ती १७७२ साली थेऊरला सती जाते, १८८२ मध्ये पुण्यात महिला समाज काढते आणि १९०९ मध्ये सेवासदनाचं कामही बघते.

रमाबाईंचा घोळ नेमका काय आहे?

हे उदाहरण सविस्तर देतो, कारण नावांच्या गोंधळाचे जवळजवळ सगळे प्रकार त्यात सापडतात.

थेऊरच्या रमाबाई म्हणजे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी. त्यांची गल्लत सहसा होत नाही, काळच वेगळा. रमाबाई आंबेडकर (१८९८–१९३५) यांच्याबद्दलचा मजकूरही संदर्भावरून लगेच ओळखू येतो. खरी पंचाईत आहे ती मधल्या दोघींची. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आणि रमाबाई रानडे समकालीन तर होत्याच, पण एका काळात एकाच गावात, एकाच कामात आणि कित्येकदा एकाच दिवाणखान्यात होत्या. पंडिता रमाबाई पती बिपिनबिहारी मेधावी यांच्या निधनानंतर १८८२ मध्ये पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्या समाजाच्या सभांना न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई येत असत. दोघी इंग्रजीही एकाच शिक्षिकेकडे शिकल्या.

आता त्या वर्षीच्या एखाद्या पुणेरी वृत्तात "सभेत रमाबाईंनी चार शब्द सांगितले" एवढंच छापलं असेल, तर कोणत्या रमाबाईंनी? आपला पहिला अंदाज पंडितांकडे जातो, कारण वक्त्या म्हणून त्यांचंच नाव गाजलेलं होतं. अंदाज बहुधा बरोबरही असतो. पण "बहुधा"वर नोंद करत नाही. वृत्तात "पंडिता", "सौभाग्यवती", "रा. ब. रानडे यांच्या कुटुंब" यांपैकी काही आहे का ते पाहायचं. पंडिता रमाबाई तेव्हा विधवा होत्या, त्यामुळे नावाआधी "सौ." छापलं असेल तर त्या नव्हेत. एवढ्या एका अक्षराने निकाल लागतो. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्यानंतरच्या काही वर्षांत पुण्यातल्या सभेत हजर असलेल्या रमाबाई पंडिता नव्हेत, हेही तारखेवरून ठरतं. १८८९ मध्ये त्या परतल्या, मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. तिथून पुन्हा डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं.

काहीच खूण नसेल तर नोंद "रमाबाई (अनिश्चित), पुणे, १८८२" अशीच राहते. ती चूक नाही.

बायकांच्या नावांत घोळ जास्त का?

नाव दोनदा-तीनदा बदलायचं म्हणून. पाळण्यातलं एक, सासरचं दुसरं, आणि पुनर्विवाह झाला असेल तर आणखी एक. शिवाय जुन्या छापील मजकुरात बाईचं आडनाव बऱ्याचदा नसतंच. "काशीबाई", "आनंदीबाई" एवढ्यावर भागवलेलं.

आनंदीबाईंचंच पाहा. डॉक्टर आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरी यमुनाच. म्हणजे एका यमुनेची आनंदी झाली, दुसरीची रमा. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाईंना वैद्यकीची पदवी मिळाली, त्या समारंभाला हजर राहिल्या पंडिता रमाबाई, म्हणजे तिसऱ्याच. आणि पंडितांच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला तेव्हा तिचं नाव ठेवलं आनंदी. गोदूबाई माहेरच्या जोशी! त्यामुळे "आनंदीबाई" आणि "जोशी" हे दोन शब्द एका परिच्छेदात दिसले म्हणून डॉक्टर आनंदीबाईंकडे धाव घेऊ नये. या दोघींच्या खेरीज राघोबादादांच्या आनंदीबाई आहेतच, आणि कोल्हापूरच्या गादीवर यशवंतराव घाटग्यांना दत्तक घेणाऱ्या राणीसाहेबही आनंदीबाई.

म्हणून स्त्रियांच्या नोंदींत माहेरचं नाव, सासरचं नाव आणि ज्या नावाने लेखन छापलं ते नाव अशी तिन्ही देतो. शोधताना कोणतंही टाका, नोंद एकच निघेल. नवऱ्याच्या नावाखाली बायकोची नोंद मात्र दडपलेली नाही. काही जुन्या सूच्यांत तसं केलेलं आहे आणि ते वाचताना आजही चीड येते.

"गोपाळराव" असा नुसता उल्लेख असेल तर?

तर आधी वर्ष पाहा आणि मग कागद कुणाचा आहे ते.

१८५० च्या सुमाराचे गोपाळराव बहुधा गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी (१८२३–१८९२). १८८० नंतर पुण्यात गोपाळरावांची गर्दी होते. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) केसरीचे पहिले संपादक. १८८८ मध्ये त्यांनी सुधारक काढला तेव्हा मराठी बाजू त्यांच्याकडे आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे (१८६६–१९१५) होती. म्हणजे "सुधारककर्ते गोपाळराव" एवढं म्हटल्यानेही प्रश्न सुटत नाही. त्यात तिसरे गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, मोठे विक्षिप्त गृहस्थ. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसह पुण्यातल्या प्रतिष्ठितांना चहाला बोलावून पुढे ती बातमी फोडण्याचा उद्योग त्यांचाच. त्या ग्रामण्याच्या, म्हणजे त्यावरून उठलेल्या बहिष्काराच्या वादाच्या बातम्यांत "गोपाळराव" आले की यजमान जोशी की कुणी दुसरे, हे वाक्य दोनदा वाचून ठरवावं.

एक खूण उपयोगी पडते: पत्र लिहिणारा माणूस नातं किंवा वय कसं दाखवतो. आगरकरांना आणि गोखल्यांना एकाच सुरात संबोधणारा माणूस विरळा, दोघांच्या वयात दहा वर्षांचं अंतर आहे.

विष्णुशास्त्री पुनर्विवाहाच्या बाजूचे की विरोधातले?

दोन्ही, कारण दोघे. विष्णुशास्त्री पंडित (१८२७–१८७६) विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते, इंदुप्रकाशच्या मराठी बाजूचे संपादक. विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–१८८२) निबंधमालाकार, सुधारकांवर तुटून पडणारे. निबंधमाला सुरू झाली १८७४ मध्ये. त्याआधीच्या पुनर्विवाहाच्या वादात जे विष्णुशास्त्री येतात ते पंडित. शाळेच्या निबंधांत या दोघांना एक करून "आधी सुधारक होते, नंतर मतपरिवर्तन झालं" असं लिहिलेलं वाचायला मिळतं. मतपरिवर्तन कुणाचंच झालेलं नाही. तिसरे विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५–१८७१) हे मूळचे विष्णु भिकाजी गोखले. त्यांच्या नावापुढे शास्त्री नसतं, एवढ्यावर ते वेगळे काढता येतात.

वडिलांचं नाव दिलं की प्रश्न मिटतो ना?

बऱ्याच अंशी. मराठी नावाची घडणच मुळी सूचीकाराच्या सोयीची आहे: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पेशव्यांच्या घरात तर याशिवाय चालतच नाही. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे बाजीराव बल्लाळ (बल्लाळ म्हणजे बाळाजीच), त्यांचे बाळाजी बाजीराव. पुढे रघुनाथराव आणि त्यांचे बाजीराव रघुनाथ. पहिला बाजीराव (१७००–१७४०) आणि दुसरा (१७७५–१८५१) यांत कागदावर फरक आहे तो "बल्लाळ" आणि "रघुनाथ" एवढ्या शब्दाचा. चिमाजी अप्पाही दोन, आणि दोघेही एकेका बाजीरावाचे धाकटे भाऊ!

"नाना" मात्र वडिलांच्या नावानेही सहज उलगडत नाही, कारण पत्रांत वडिलांचं नाव येतंच कुठे? १७६१ च्या पूर्वार्धातल्या पत्रात नाना आले तर ते पानिपतच्या बातमीने खचलेले नानासाहेब पेशवे असतील किंवा पानिपतावरून जीव वाचवून परतलेले तरुण नाना फडणवीस. दोघांचं पाळण्यातलं नाव पुन्हा बाळाजी. १८५७ चे नानासाहेब म्हणजे धोंडोपंत, त्यांना निदान शतकाचं अंतर आहे.

आणि हो, पानिपतावर गेलेल्या भाऊसाहेबांच्या नावाने एक तोतया उभा राहिला आणि कैक वर्षं लोकांना झुलवत राहिला. त्याला १७७६ मध्ये देहान्त शासन झालं. त्याची नोंद भाऊसाहेबांच्या नोंदीत नाही, वेगळी आहे. समकालीन कागदांत त्याला "भाऊसाहेब" म्हणणारेही होते, म्हणून दोन्हीकडे एकमेकांचा हवाला दिला आहे.

शाहू महाराज किती?

सातारचे शाहू (१६८२–१७४९), म्हणजे संभाजीराजांचे पुत्र, मोगलांच्या कैदेतून १७०७ मध्ये सुटलेले. सातारचेच दुसरे शाहू, १८०८ मध्ये वारलेले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४–१९२२), मूळचे कागलचे यशवंतराव घाटगे, ज्यांनी १९०२ मध्ये मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. शिवाय कोल्हापूरचे सध्याचे शाहू छत्रपती, २०२४ पासून लोकसभेत. बातम्यांची कात्रणं लावताना हे चौघे एकाच चौकटीत पडतात. "शाहू महाराजांच्या दरबारात" म्हटलं की पेशवाईचा उदय आणि वेदोक्त प्रकरण एका पानावर येऊन बसतात.

राजघराण्यांत ही अडचण राहणारच. तिथे गादी आणि गाव नावाआधी लिहितो: "सातारा, शाहू पहिले", "कोल्हापूर, राजर्षी शाहू". संभाजी आणि राजाराम यांनाही तोच नियम. १७३१ च्या वारणेच्या तहात एका बाजूला सातारचे शाहू आहेत आणि दुसऱ्या बाजूला कोल्हापूरचे संभाजी. हे संभाजी म्हणजे शाहूंचे वडील असं समजून विचारलेले प्रश्नही आले आहेत. वडील १६८९ मध्येच गेले.

ह. ना. आपटे आणि ना. ह. आपटे हे बापलेक का?

नाही. हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर ठळक टाईपात छापावं.

हरी नारायण आपटे (१८६४–१९१९), करमणूक साप्ताहिकाचे संपादक, "पण लक्षांत कोण घेतो"चे लेखक. नारायण हरी आपटे (१८८९–१९७१) नंतरच्या पिढीतले कादंबरीकार. त्यांच्या "न पटणारी गोष्ट"वरून प्रभातने १९३७ मध्ये "कुंकू" काढला. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत असल्याने हरी नारायणांचा मुलगा नारायण हरी असणं अगदी साहजिक वाटतं, आणि तिथेच वाचक फसतो. आद्याक्षरं उलटी छापली गेली की संपलंच.

आद्याक्षरांवरून माणूस ओळखता येतो का?

आपल्याला तशी सवय लागली आहे खरी. "पु. ल." म्हटलं की आडनावही लागत नाही. पण "पु. देशपांडे" असं छापलेलं असेल तर पुरुषोत्तम लक्ष्मण (१९१९–२०००) की "अनामिकाची चिंतनिका"वाले पुरुषोत्तम यशवंत? विदर्भातला अंक असेल तर पु. य. आधी आठवावेत. "वि. स." म्हणजे खांडेकर, वाळिंबे आणि रोजगार हमीचे वि. स. पागेही.

सगळ्यात नामी जोडी राजवाड्यांची. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि निरुक्ताचे, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या ग्रंथाचे अभ्यासक वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे सख्खे भाऊ. मराठीत "वि. का." आणि "वै. का." असा एका मात्रेचा फरक तरी उरतो. रोमन लिपीत दोघेही व्ही. के. राजवाडे. इंग्रजी ग्रंथसूच्यांत निरुक्ताचं काम इतिहासाचार्यांच्या खाती जमा झालेलं आढळलं तर आश्चर्य वाटू देऊ नका. विश्वनाथपंत १९२६ च्या अखेरीस वारले, तेव्हा त्यानंतरचं नवं लेखन वैजनाथांचं, हा सरळ हिशेब आहे.

एकाच माणसाची दोन नावं असतील तर?

हा उलटा घोळ, आणि दत्तकामुळे आपल्याकडे भरपूर. वि. स. खांडेकर जन्माने गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर विष्णु सखाराम झाले. कुसुमाग्रज जन्माने गजानन रंगनाथ शिरवाडकर; दत्तक गेल्यावर विष्णु वामन. मराठीतले पहिले दोन ज्ञानपीठविजेते दोघेही दत्तक गेलेले आणि दोघांचंही नवं नाव विष्णु, हा योगायोग सूचीकारालाच सुचायचा. शाळेचे जुने दाखले किंवा अगदी सुरुवातीच्या कविता जुन्या नावाने असू शकतात, म्हणून दोन्ही नावं एकाच नोंदीत बांधली आहेत.

टोपणनावांचं तेच. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, केशवकुमार म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, पण कवी गोविंद म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, ते वेगळे. कवी विनायक म्हणजे विनायक जनार्दन करंदीकर, आणि विंदा म्हणजे गोविंद विनायक करंदीकर. दोघांत एका पिढीहून जास्त अंतर.

संतांच्या अभंगांत नाव असतंच. मग तिथे वाद कसला?

नाव असतं म्हणूनच वाद. अभंगाच्या शेवटी "नामा म्हणे" आलं की तो संत नामदेवांचा (१२७०–१३५०) असं गाथेत धरलं गेलं. पण सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा कवी होऊन गेला, ओवीबद्ध महाभारत रचणारा. त्याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या. भाषेवरून काही निवडता येतात, सगळ्या येत नाहीत. शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत, तो संग्रह निदान वेगळ्या वाटेने जपला गेला.

तुकोबांच्या बाबतीत "तुकयाबंधु" ही मुद्रा असलेले अभंग धाकटे बंधू कान्होबांचे. घाईत नुसतं "तुकया" वाचून सोडू नये. तुकाविप्र हा तर अठराव्या शतकातला.

ज्ञानदेवांवर सर्वांत कडाक्याचा वाद झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी "भारद्वाज" या नावाने सुधारकात लेख लिहून ज्ञानेश्वरीचे कर्ते आणि अभंगांचे कर्ते वेगळे, असं मांडलं. मोठी खळबळ झाली. बहुतेक अभ्यासकांनी ते मत पुढे मानलं नाही, आम्हीही एकच नोंद ठेवली आहे, पण भारद्वाजांच्या लेखांचा हवाला तिथे दिला आहे. श्रद्धेचा प्रश्न म्हणून तो गाळा, असं सुचवणारी पत्रं आली. गाळणार नाही.

दोन नोंदी जोडायच्या की वेगळ्या ठेवायच्या, हे ठरवता कसं?

शंका असेल तोवर वेगळ्या. याला कारण आहे. एकाच माणसाच्या दोन नोंदी राहिल्या तर पुढे कुणीतरी पुरावा आणतो आणि त्या पाच मिनिटांत जोडता येतात. दोन माणसं चुकून एक केली की त्यांचे लेख, तारखा, गावं सगळं एकमेकांत मिसळतं. ते पाहून कुणी चरित्र लिहितो, चरित्रावरून विश्वकोशात जातं आणि मग मूळ अंक पुन्हा पानोपानी चाळल्याशिवाय ते सोडवता येत नाही.

जोडायला नाव सोडून आणखी दोन गोष्टी जुळाव्या लागतात: गाव, व्यवसाय, जन्म-मृत्यूचं वर्ष, वडिलांचं नाव, लेखनाचा विषय, यांपैकी कोणत्याही दोन. आडनाव यात धरत नाही. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही मुळात वतनं. गावोगाव एकेक घर होतंच.

आमच्या पणजोबांचं नाव एका जुन्या अंकात सापडलं. ते आमचेच का?

असतीलही. अभिनंदन करण्याआधी तीन गोष्टी विचारतो. त्या वर्षी पणजोबांचं वय किती होतं? गाव तेच आहे का? आणि त्यांच्या आजोबांचं नाव काय होतं? शेवटचा प्रश्न लोकांना चमत्कारिक वाटतो. पण समजा, तुम्हाला सापडलेले "रामचंद्र गोविंद" आहेत आणि घराण्यात रामचंद्राचा गोविंद, गोविंदाचा रामचंद्र अशी परंपरा आहे, तर अंकातले गृहस्थ तुमचे पणजोबा नसून त्यांचे आजोबाही असू शकतात. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव सगळं तेच. फक्त साठेक वर्षांचा फरक. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडची वंशावळीची चोपडी पाहिलीत तर पिढ्यांचा क्रम लागतो.

हल्ली तर प्रत्येकाला क्रमांक असतो. मग ही कटकट संपली का?

लेखकांपुरती थोडी कमी झाली. ग्रंथालयांत व्हीआयएएफ ही लेखकांच्या नावांची आंतरराष्ट्रीय यादी आहे, लेखक-कलाकारांसाठी सोळा अंकी आयएसएनआय, संशोधकांसाठी ऑर्किड. मराठी विकिपीडियावर निःसंदिग्धीकरणाची, म्हणजे एकाच नावाच्या नोंदी वेगळ्या करून दाखवणारी पानं असतात. पण जुन्या अंकात वाचकांच्या पत्राखाली सही करणाऱ्याला कुठला आलाय क्रमांक!

आणि आजही नाव किती महाग पडू शकतं याचा दाखला २०१४ चा आहे. रायगड लोकसभा मतदारसंघात सुनील तटकरे अवघ्या २,११० मतांनी हरले, आणि त्याच नावाच्या अपक्ष उमेदवाराला ९,८४९ मतं पडली. पुढच्या वर्षी निवडणूक आयोगाने मतपत्रिकेवर आणि यंत्रावर उमेदवाराचा फोटो आणला.

महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नावात स्वतःच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आला आहे. सूचीकार म्हणून मला हा निर्णय फार आवडला. आई-वडील दोघांची नावं सारखी असलेले दोन समवयस्क सापडणं कठीण.

माझं नाव दुसऱ्या कुणाच्या लेखाला जोडलं गेलंय. काय करू?

अंकाचं नाव, महिना, वर्ष, पृष्ठ आणि तो लेख तुमचा नसल्याची एखादी खूण कळवा. "मी तेव्हा चौथीत होतो" हीसुद्धा खूण चालते. हयात व्यक्तींच्या नोंदी पुरावा येईपर्यंत लगेच वेगळ्या करतो. तुमच्या नावापुढे कंसात गाव टाकायचं की जन्मवर्ष, हे तुम्हीच सांगा. काहींना वर्ष छापलेलं आवडत नाही, त्यांचं गाव टाकतो.